कालचे सोबती, आजची पाळी: नव्या सुपरवायझरने आत्मविश्वास कसा मिळवावा

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील डाळ मिल असो, पीव्हीसी पाइपचा किंवा चटईचा कारखाना असो, धुळ्याजवळच्या अवधानमधील एखादे युनिट असो किंवा रावेर-यावल पट्ट्यातील केळीचे पॅक हाऊस असो, तेथील सुपरवायझर पुष्कळदा त्याच कामगारांतून वर आलेला असतो. काही वर्षे मशीनवर चांगले काम केलेल्या माणसाला शेठ किंवा मॅनेजर एके दिवशी केबिनमध्ये बोलावतात आणि उद्यापासून पाळी तुझ्याकडे, असे सांगतात. पगारात थोडी वाढ होते, प्रशिक्षण मात्र क्वचितच मिळते, आणि काल ज्यांच्या डब्यातली भाकरी मोडून खाल्ली त्यांनाच आज काम सांगायचे आहे, या विचाराने पोटात गोळा येतो. अंगात पुरेसा आत्मविश्वास आला की मग अधिकाराने बोलू, असे ठरवून जो थांबतो तो बहुधा थांबूनच राहतो. कारण हा विश्वास लहान-लहान निर्णय घेतल्यानंतर आणि त्यांचे परिणाम पाहिल्यानंतर मागाहून येतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी 1977 मध्ये, ‘हे काम मला जमेल’ ही खात्री माणसात कोठून येते याचे चार उगम सांगितले होते: स्वतः पार पाडलेले काम, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यांपैकी पहिला उगम त्यांनी सर्वांत बळकट मानला. व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे आणि मोबाइलवरची जोशपूर्ण भाषणे ही तिसऱ्या प्रकारात मोडतात, म्हणून त्यांवर पैसे घालवण्यापूर्वी पहिल्या प्रकाराची सोय आपल्याच पाळीत कशी करता येईल, हे पाहावे.

त्यासाठी पहिल्या महिन्यात संपूर्ण विभाग सुधारण्याचा संकल्प सोडून द्यावा आणि आपल्या अधिकारात नक्की बसणारा, रोज समोर येणारा एकच निर्णय निवडावा. पाइपच्या कारखान्यातील उदाहरण घेऊ. चालू लाइनवरच्या पाइपची जाडी मोजली आणि ती ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी भरली, तर काय करायचे? लाइन एकदम बंद करणे सोपे नसते, कारण मशीनच्या तापलेल्या नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, पीव्हीसी अडकून राहिले तर ते जळते आणि पुढे सफाईत वेळ जातो. आणि तशीच चालू ठेवली तर माल नापास होतो. हॉल-ऑफचा, म्हणजे तयार पाइप पुढे ओढणाऱ्या यंत्राचा, वेग थोडा कमी केला की पाइपची जाडी वाढते, हे ऑपरेटरला ठाऊक असते, पण वेग कमी केला की पाळीचे उत्पादन घटते आणि त्याचा जाब कोण देणार, या भीतीने तो गप्प राहतो. हा जाब देणे हेच सुपरवायझरचे काम आहे. जाडी अमुक इतकी खाली गेली की वेग कमी करायचा, इतक्या वेळात सुधारणा झाली नाही तर मेंटेनन्सला बोलवायचे आणि तोवर निघालेला माल बाजूला ठेवायचा, अशी मर्यादा आधीच मॅनेजरांशी बोलून ठरवून घ्यावी. मग प्रसंग आला की विचारात वेळ जात नाही, आवाजही कापत नाही. डाळ मिलमध्ये असाच निर्णय तुरीच्या वाळवणीचा असतो: तेल-पाणी दिलेली तूर पुरेशी वाळली नसेल तर टरफल नीट सुटत नाही, आणि गाडी दारात उभी असतानाही आज हा लॉट मशीनवर जाणार नाही, असे कोणीतरी म्हणावेच लागते.

घेतलेला प्रत्येक निर्णय खिशातल्या वहीत एका ओळीत लिहावा. त्या वेळी काय दिसले, काय ठरवले, काय होईल असे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी काय झाले ते पुढे भरावे. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या चुका लख्ख आठवतात आणि बरोबर ठरलेले निर्णय मात्र ‘ते तर होणारच होते’ म्हणून विसरले जातात. वही हा पक्षपात मोडते. शिवाय कोणत्या बाबतीत आपला अंदाज वारंवार चुकतो हेही तिच्यात दिसते, आणि तेवढ्याच बाबतीत जाणत्याला विचारायला जाता येते. वही कोणाला दाखवण्यासाठी नाही, हे मात्र पहिल्या पानापासून ठरवून टाकावे, नाहीतर ती खरी राहत नाही.

खानदेशात यापुढची अडचण नात्याची असते. पाळीत पंचावन्न वर्षांचे आप्पा किंवा नाना असतात, ज्यांनी तुम्हाला मशीन शिकवले. कधी ते गावातले असतात, कधी लांबच्या नात्यातलेही. पद मिळाले म्हणून त्यांना नावाने हाक मारू लागणे हा उतावळेपणा होय, आणि संकोचाने त्यांना काहीच न सांगणे हा पळपुटेपणा. संबोधन जसेच्या तसे ठेवावे आणि काम मात्र स्पष्ट सांगावे: ‘आप्पा, आज दोन नंबरच्या मशीनवर तुम्ही बसा, दर अर्ध्या तासाला जाडी मोजून इथे लिहा.’ या वाक्यात आदर आहे, मशीन आहे, वेळ आहे आणि नोंदही आहे. ‘जमलं तर बघा ना जरा’ यात यांपैकी काहीच नाही. आप्पांनी सर्वांसमोर हसण्यावारी नेले तर तेथेच वाद घालू नये. पाळी सुटल्यावर त्यांना बाजूला घेऊन, तुमचे कसब मला हवे आहे, पण सांगितलेले काम चारचौघांत टाळले तर पाळी चालणार नाही, असे शांतपणे बोलावे. बहुतेक वेळा एवढे पुरते. न पुरल्यास दुसऱ्यांदा मॅनेजरांच्या उपस्थितीत बोलावे, आणि ते करताना अपराधी वाटून घेऊ नये.

भाषेचेही तसेच आहे. मशीनजवळ अहिराणी किंवा लेवा बोली चालत असेल तर सुपरवायझर झाल्यावर अचानक पुस्तकी मराठी बोलू लागण्याचे कारण नाही. माणसे लगेच ओळखतात आणि अंतर वाढते. सुरक्षेच्या सूचना आणि आकडे मात्र सर्वांना कळतील अशा एकाच ठरलेल्या शब्दांत द्यावेत, कारण पाळीत बाहेरच्या राज्यांतून आलेले कामगारही असू शकतात. पाळीच्या सुरुवातीला पाच मिनिटे उभ्याने बोलावे: काल काय अडले, आज काय करायचे, कोण कोठे. त्याहून लांबवू नये.

चूक कळवणाऱ्याशी तुम्ही कसे वागता, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. संशोधक एमी एडमंडसन यांना 1990 च्या दशकात रुग्णालयांतील पथकांचा अभ्यास करताना असे आढळले की ज्या पथकांचे काम चांगले होते त्यांच्याकडे औषधांच्या चुका अधिक नोंदलेल्या होत्या. याचा उलगडा असा की त्या पथकांत चूक सांगण्याची भीती कमी होती, म्हणून ती उघड होत होती. आपल्या पाळीत चुकांची नोंद शून्य असेल तर खूश होण्याआधी हे आठवावे. कोणी येऊन ‘माझ्याकडून पोती चुकीच्या लॉटमध्ये गेली’ असे सांगितले, तर पहिले वाक्य ‘बरे झाले सांगितलेस’ हे असावे आणि दुसरे ‘आता गाडी कोठवर गेली आहे?’ हे. कोणाची चूक हा प्रश्न माल सापडल्यानंतरचा आहे.

वरिष्ठांसमोर बोलण्याची धास्ती वेगळी. पुण्या-मुंबईच्या कार्यालयाशी फोनवर बैठक असते, तिकडून हिंदी-इंग्रजीचा मारा होतो, आणि इकडे कामाची खडान्खडा माहिती असलेला माणूस ‘येस सर’पलीकडे जात नाही. यावर इंग्रजी सुधारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, पण त्याचे फळ उशिरा मिळते. तोवर बैठकीआधी तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: एक आकडा, एक अडचण आणि एक मागणी. पहिल्या दहा मिनिटांतच त्यांपैकी एक बोलून टाकावी, कारण जितका वेळ गप्प बसावे तितके तोंड उघडणे अवघड होते. उत्तर ठाऊक नसल्यास ‘संध्याकाळी पाचपर्यंत तपासून कळवतो’ असे सांगावे आणि पाचच्या आत खरोखर कळवावे.

स्त्री सुपरवायझरला यांखेरीज आणखी एक ओझे वाहावे लागते. पॉलिन क्लान्स आणि सुझान इम्स यांनी 1978 मध्ये कर्तबगार स्त्रियांबद्दल लिहिताना, यश मिळूनही ‘आपण लायक नाही, कधीतरी उघडे पडू’ असे वाटत राहण्याचा अनुभव नोंदवला होता. तो अनुभव पुरुषांनाही येतो, पण पॅकिंग विभागातल्या ताईंना तो आतून पोखरत असताना बाहेरून ‘मॅडमना काय कळतंय’ हेही ऐकावे लागते. अशा वेळी वर सांगितलेली वही अधिक उपयोगी पडते; आणि मॅनेजरांनी कामगारांना परस्पर सूचना न देता ताईंमार्फतच द्याव्यात, ही मागणी पहिल्याच आठवड्यात स्पष्ट करून घ्यावी.

शरीराकडेही थोडे लक्ष हवे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नये. अपुरी झोप, कमी पाणी आणि उष्मा यांनी होणारी धडधड माणूस सहज भीती समजून बसतो. कठीण बोलणे शक्यतो सकाळी करावे.

साधारण तीन महिन्यांनी पाळीतल्या एका होतकरू माणसाला बाजूला काढून आठवड्यातून एक दिवस पाळी त्याच्याकडे सोपवावी आणि त्या दिवशी स्वतः दुसऱ्या कामात राहावे. तो कोणकोणत्या गोष्टींसाठी फोन करतो याची यादी करावी. ज्या गोष्टीसाठी दोनदा फोन आला तिची मर्यादा लिहून मशीनजवळ लावावी, आणि ज्यासाठी फोन यायला हवा होता पण आला नाही, त्याबद्दल दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्याच्याशी बोलावे.