ऑफिसात देणगी मोहीम करायचीय? मग पैसे कुणाच्या जीपेवर घेऊ नका

२ ते ८ ऑक्टोबर दान उत्सव (देशभर साजरा होणारा देणग्यांचा आठवडा) असतो, बऱ्याच कंपन्यांत मोहीम त्याच आठवड्यात निघते, तुम्हालाही तेव्हाच करायची असेल तर ऑगस्टमध्येच हालचाल सुरू करा कारण संस्था बघणं आणि एचआर, फायनान्सचा होकार मिळवणं यातच महिना निघून जातो.

संस्था एकच निवडा, फार तर दोन. सहा नावं समोर ठेवली की लोकं "बघतो नंतर" म्हणतात आणि ते राहूनच जातं. शक्यतो जवळची बघा, शनिवारी चारजण जाऊन काम बघून येतील अशी. कागद मागायला संकोच नको: चॅरिटी कमिशनरकडची नोंदणी, १२ए (संस्थेला स्वतःच्या उत्पन्नावर करमाफी देणारी नोंदणी), ८०जी (देणाऱ्याला इन्कम टॅक्समध्ये सूट मिळवून देणारी), मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट. कंपनी सीएसआरमधून (सामाजिक कामासाठीचा कंपनीचा निधी) भर घालणार असेल तर संस्थेचा सीएसआर-१ नंबरही लागतो, म्हणजे हे पैसे घेण्यासाठीच्या सरकारी नोंदणीचा.

आता पैशांचं. एकाने सगळ्यांचे गोळा करून पाठवले की पावती त्या एकाच्याच नावाने येते, बाकीच्यांची ८०जी गेली, वर हिशोबाची कटकट त्याच्या डोक्याला. म्हणून संस्थेच्या खात्याचा क्यूआर द्या, ज्याने त्याने थेट भरायचं आणि पॅन पण थेट संस्थेलाच कळवायचा, सगळ्यांना दिसणाऱ्या शीटमध्ये पॅन नंबर अजिबात नको. २००० रुपयांच्या वर कॅश दिली तर ८०जी मिळत नाही, आणि नवीन टॅक्स रेजिमवाल्यांना तर ८०जीचा फायदाच नाही, हे पहिल्याच मेलमध्ये लिहा. टीममध्ये कुणी परदेशी नागरिक असेल तर त्याचे पैसे एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी) असलेल्या संस्थेलाच चालतात, भारतीय पासपोर्टवाल्या एनआरआयला ही अडचण नाही.

पेरोलमधून दरमहा कापायची सोय झाली तर फारच छान. महिन्याला २०० रुपये देणारी ५० माणसं असली की १०,००० ठरलेले येतात, संस्थेला त्यावर एखाद्या ताईचं मानधन धरता येतं. फक्त संमती लेखी घ्या आणि कधीही बंद करता येईल असं ठेवा.

कुणी किती दिले हे मॅनेजरला कळता कामा नये, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ग्रुपवर "अमक्याने ५००० दिले, टाळ्या" असले मेसेज नकोत, कुणाचा होम लोनचा हप्ता चालू असतो, कुणाच्या घरी आजारपण असतं, ते लोक गप्प बसतात आणि मनातून खट्टू होतात. टीमचा एकूण आकडा सांगा, बास. हाऊसकीपिंग आणि सिक्युरिटीच्या लोकांकडे आपणहून मागायचं नाही, त्यांनी स्वतःहून दिलं तर मानाने घ्या.

वस्तू गोळा करणार असाल तर आधी संस्थेकडून यादी घ्या. वह्या-दप्तरं जूनमध्ये शाळा सुरू होताना लागतात, ब्लँकेट थंडीआधी. कपडे धुतलेले, बटणं-चेन धड असलेले, जे आपण आपल्या भावाला देऊ तसेच.

मोहीम संपली की महिन्याभरात संस्थेकडून चार ओळी मागवून सगळ्यांना पाठवा, पैसे कशाला लागले ते लिहून, मुलांचे चेहरे दिसणारे फोटो न टाकता. आणि ८०जीचं सर्टिफिकेट संस्था आर्थिक वर्ष संपल्यावर, मे अखेरपर्यंत काढते, तेव्हा एप्रिलमध्ये त्यांना एक आठवणीचा फोन करा.