जागावाटप ते पसंतीचं मत: विरोधकांनी एकत्र लढायचं कसं

निकालाच्या दिवशी दुपारी दोननंतर टपरीवर एकच वाक्य फिरत असतं, "सगळे एकत्र असते ना, तर पडला असता." मग पाच वर्षं कोणी काही करत नाही, आणि पुढच्या वेळी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी रात्री अकराला एबी फॉर्म (पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारा कागद) घेऊन गाड्या पळतात. मी हे जवळून बघितलंय, बूथ सांभाळलेत, माघारीच्या दिवशी तहसीलबाहेर बंडखोराच्या पाया पडणारी माणसंही बघितलीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो, आघाडी करायची तर कशी करायची, आणि जिंकलात तर पहिलं काम कुठलं.

हे आज जे विरोधात आहेत त्यांच्यापुरतंच नाहीये, उद्या दुसरे असतील तेव्हा त्यांनाही लागू.

सगळ्यात आधी आकडे घेऊन बसा, नेते घेऊन नाही. आपल्याकडे ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येतो, निम्म्याच्या वर लागत नाहीत. २०१४ ला लोकसभेत भाजपला ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या, आणि त्याच निवडणुकीत बसपाला देशभर ४ टक्क्यांच्या वर मतं पडून एकही जागा नाही. भाजपने काही चोरी केली नाही हो, नियमच असा आहे, आणि काँग्रेसनेही कित्येक वर्षं हाच नियम खाल्लाय. तर मागच्या दोन निवडणुकांचे बूथवार आकडे काढा आणि प्रत्येक जागेवर फक्त एवढंच बघा, जिंकलेल्याची लीड किती आणि तिसऱ्या नंबरला किती पडली. २०२४ ला हातकणंगलेत लीड होती साधारण १३ हजार, आणि तिसऱ्या नंबरच्या शेतकरी नेते राजू शेट्टींना पावणेदोन लाखाच्या पुढे. शेट्टी म्हणत होते मला पाठिंबा द्या, ठाकरेंची सेना म्हणत होती आमचं मशाल हे चिन्ह घ्या, शेट्टी म्हणाले मी माझ्याच चिन्हावर लढणार, झालं, तिथेच गाडी अडली.

पण बेरीज करताना एक लक्षात ठेवा, मतं म्हणजे पोत्यातले दाणे नाहीत की या पोत्यातून त्या पोत्यात ओतले. तिसऱ्याची सगळी मतं तुमच्याकडे येतील असं धरलंत तर गणित तिथेच चुकलं, अर्धी आली तरी देव पावला म्हणायचं. २०२२ ला हंगेरीत सहा विरोधी पक्ष एक झाले, आधी मतदान घेऊन एकच उमेदवार ठरवला, सगळं पुस्तकात लिहितात तसं, तरी सत्तेतल्या पंतप्रधान ओर्बानच्या आघाडीला १९९ पैकी १३५ जागा. एकत्र येणं पुरत नाही, मतदाराला ते एकत्र येणं पटावं लागतं.

ते पटवायचं असेल तर जागावाटप लवकर उरका. लवकर म्हणजे किमान सहा महिने आधी. नियम साधा ठेवा, मागच्या वेळी आपल्यापैकी जो दुसरा होता त्याची जागा, जिथे दोघांचा दावा सारखा तिथे खालच्या कार्यकर्त्यांचं मत घ्या, कसं घ्यायचं ते शेवटी सांगतो. आणि "मैत्रीपूर्ण लढत" हा शब्द बैठकीत कोणी काढला की त्याला चहा पाजून घरी पाठवा. लढतीत कसली आलीय मैत्री!

सांगलीचं उदाहरण सगळ्यांना पाठ असेल. २०२४ ला जागा गेली ठाकरेंच्या सेनेला, काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि लाखभर मतांनी निवडून आले, आघाडीच्या अधिकृत उमेदवाराला ६० हजारांच्या आसपास मतं आणि डिपॉझिट जप्त. तिथे लोकांनीच खरा उमेदवार ओळखला म्हणून निभावलं, दरवेळी लोक तुमच्यासाठी एवढी मेहनत करणार नाहीत.

चिन्हाचा विषय वेगळा काढून बसा, कारण खालच्या माणसाला पक्ष नाही, चित्र आठवतं. १९७७ ला जनता पक्षवाले हुशार, जवळजवळ सगळे एकाच चिन्हावर लढले, चक्रातला नांगरधारी शेतकरी, भिंतीवर एकच चित्र रंगवायचं. याच्या उलट २०२४ ला साताऱ्यात शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे ३२ हजारांनी पडले, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि नुसतं तुतारीचं चिन्ह घेतलेल्या, म्हणजे आपण पिपाणी म्हणतो त्या अपक्षाला ३७ हजार. सगळी चुकूनच पडली असं कोणी सिद्ध केलेलं नाही पण तुम्हीच विचार करा. यावर उपाय म्हणजे चिन्हवाटप झालं की त्याच दिवशी नमुना मतपत्रिका छापून घ्यायची आणि घरोघरी जाऊन आपलं चित्र कुठल्या नंबरला आहे ते बोट ठेवून दाखवायचं. रील्स बनवून हे होत नाही.

बूथवर सगळ्या पक्षांचे मिळून एजंट बसवा, शेवटी केंद्राध्यक्षाकडून फॉर्म १७ सी ची (बूथवर किती मतं पडली त्याचा हिशेब) प्रत घेतल्याशिवाय कोणी उठायचं नाही. मुंबई उत्तर-पश्चिमला २०२४ मध्ये ४८ मतांनी निकाल लागला, तेव्हा एकेका कागदाची किंमत कळली. बाकी प्रचार, पैसा, गाड्या यावर मी काय सांगू, ते सगळ्यांना येतं.

आता खरा मुद्दा. आघाडी कशासाठी? "त्यांना पाडायचं" हे कारण निकालापर्यंतच टिकतं. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, शेकाप, प्रजा समाजवादी, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एकमेकांशी भांडणारे लोक होते, एसेम, अत्रे, डांगे एका स्टेजवर, पण मागणी एक होती आणि ती पोरासोरांना पाठ होती. १९५७ ला पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली, १ मे १९६० ला राज्य आलं, आणि मग समिती फुटली, १९६२ ला काँग्रेस परत आरामात. लोक याला अपयश म्हणतात, मला नाही वाटत. ज्यासाठी एकत्र आले ते काम झालं, आपापल्या घरी गेले. आजच्या आघाडीलाही असंच एक काम हवं, आणि माझ्या मते ते म्हणजे मतदानाची पद्धत बदलून पसंतीचं मत आणणं, म्हणजे पुढच्या वेळी मतविभागणीच्या भीतीने कोणाला कोणाच्या मांडीवर बसायला नको.

पसंतीचं मत आपल्याला नवीन नाहीये. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात आपण तेच करतो, जांभळ्या पेनाने नावापुढे १, २, ३ लिहायचं. तुमचा एक नंबरवाला मागे पडून बाद झाला की तुमचं मत दोन नंबरवाल्याकडे जातं, निम्म्याच्या वर कोणी जाईपर्यंत हे चालतं. समजा शंभरात एकाला ४०, दुसऱ्याला ३५, तिसऱ्याला २५. आजच्या पद्धतीत ४० वाला गुलाल उधळतो. पसंतीच्या पद्धतीत तिसऱ्याची मतं उघडतात, त्यातल्या १६ जणांनी दुसऱ्याला २ नंबर दिला असेल तर तो ५१ ला जाऊन जिंकतो. म्हणजे दोघं वेगवेगळे लढले तरी एकमेकांना पाडत नाहीत. हातकणंगलेत असं असतं तर कोण आलं असतं मी सांगू शकत नाही, पण मशाल घ्या की नको यावरून भांडण झालं नसतं.

लोकसभा-विधानसभेसाठी संसदेत कायदा बदलावा लागेल, त्याला वेळ आहे. पण महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत राज्याच्या कायद्यात येतात, आणि इथे नियम किती सहज बदलतात बघा, थेट सरपंच २०१७ ला आणला, २०२० ला काढला, २०२२ ला परत आणला. प्रभागात चार नगरसेवक, मग तीन, मग पुन्हा चार. जो येतो तो आपल्या सोयीने बदलतो, मग एकदा लोकांच्या सोयीने बदलायला काय हरकत आहे? सुरुवात छोट्या नगरपालिकांपासून करा, आताच्या मशीनवर १, २, ३ दाबता येत नाही म्हणून तिथे कागद घ्या, मतं कमी असतात, मोजून होतात.

आणि हे जाहीरनाम्यात एका ओळीत टाकून भागणार नाही, विधेयकाचा मसुदाच आधी छापा, सगळ्या पक्षाध्यक्षांच्या सह्या घ्या, पहिल्या अधिवेशनात मांडू असं तारखेसकट लिहा. कारण जिंकलेल्या माणसाला जुनीच शिडी आवडायला लागते. कॅनडात ट्रूडोंनी (२०१५ लाच पंतप्रधान झालेले) २०१५ ला सांगितलं ही जुन्या पद्धतीची शेवटची निवडणूक, २०१७ ला विषय गुंडाळला. न्यूझीलंडमध्ये मात्र १९९३ ला थेट जनमत घेतलं, ५४ टक्के लोकांनी बदल मागितला, मग नेत्यांना पळता आलं नाही. सत्ता नसतानाही काही होतं बरं का, २०१९ ला २१ विरोधी पक्ष मिळून सुप्रीम कोर्टात गेले, मागणी होती निम्म्या मशीनच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या) मोजायची, मिळालं विधानसभा क्षेत्रामागे एकाऐवजी पाच मशीनच्या. कमीच, पण मिळालं.

शेवटी ते कार्यकर्त्यांच्या मताचं. वादाच्या जागेवर उमेदवार ठरवायला सगळ्या पक्षांच्या बूथप्रमुखांना एका हॉलमध्ये बोलवा, कागदावर इच्छुकांची नावं, जांभळं पेन, १-२-३. उमेदवारही ठरतो आणि पद्धतही हाताला बसते. फक्त आधी दहा मिनिटं समजावून सांगा. आमच्याकडे न समजावता घेतलं तर चाळीसपैकी सहा मतं बाद निघाली, तिघांनी टिकमार्क केला होता, दोघांनी दोन नावांपुढे १ लिहिला होता आणि एकाने खाली चक्क सही ठोकली होती, मोबाईल नंबरसकट.