व्हीलचेअर पोहोचेल असा काठ: सोलापूर परिसरात गळ टाकण्याची जागा कशी निवडावी

ज्यांना चालण्याचा, उभे राहण्याचा किंवा तोल सांभाळण्याचा त्रास आहे, त्यांच्यासाठी गळ टाकण्याची जागा निवडताना मासे कोठे लागतात हा प्रश्न दुसरा असतो. गाडीतून उतरल्यापासून पाण्यापर्यंत आणि तेथून पुन्हा गाडीपर्यंत वाट कशी आहे, हा पहिला. नेहमीचे हौशी मासेमार ज्या जागा सुचवतात, त्यांपैकी बऱ्याच खडक उतरून किंवा चिखल तुडवून गाठाव्या लागतात. म्हणून पहिली फेरी गळ आणि काठी घरी ठेवून, केवळ पाहणीसाठी करावी आणि शक्य असल्यास ज्यांच्यासाठी जागा शोधायची आहे त्यांनाही सोबत न्यावे, कारण स्वतःच्या शरीराला काय झेपते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

सोलापूर जिल्ह्यातला सर्वांत मोठा काठ उजनीचा आहे, पण तो वर्षभर एका जागी राहत नाही. धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातील 63 टीएमसींहून अधिक मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्यात न धरलेले तळाचे पाणी, आहे; उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपला की पाणीपातळी 'वजा' टक्क्यांत मोजली जाते आणि वर्तमानपत्रांत तशीच छापून येते. जलाशय बराचसा उथळ आणि पसरट असल्यामुळे पातळी थोडी उतरली तरी पाण्याची कड पुष्कळ आत सरकते. पावसाळ्यानंतर धरण भरलेले असताना जेथे पक्क्या जमिनीला पाणी टेकलेले असते, तेथेच मे महिन्यात गाळाचा रुंद पट्टा पसरलेला दिसतो. यामुळे एखादी जागा पसंत पडल्यास त्या दिवशीची टक्केवारी लिहून ठेवावी आणि पुढच्या वेळी निघण्यापूर्वी ताज्या आकड्याशी ताडून पाहावी. साधारणतः ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ अशा लोकांसाठी सर्वांत सोयीचा असतो, असे माझे मत आहे.

जमिनीची परीक्षा हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. आपल्याकडची काळी माती वरून वाळून पोपडा धरते, भेगा पडतात आणि ती घट्ट वाटते. खाली मात्र ओल शिल्लक असते. व्हीलचेअरची पुढची लहान चाके अशा जमिनीत रुततात आणि मग खुर्ची पुढे कलंडण्याचा धोका असतो. चालताना आधाराला घेतात तशी काठी अंगाचा भार देऊन मातीत दाबावी. ती सहज आत गेली तर ती जागा सोडून द्यावी. मुरूम, खडी किंवा डांबर असलेली वाट शोधावी. बुडीत क्षेत्राकडे जाणारे जुने रस्ते काही ठिकाणी थेट पाण्यात उतरतात आणि गाळ साचलेला नसेल तर ते आयत्या उतारासारखे उपयोगी पडतात. उतार मात्र मोजावा: एक फूट उंचीसाठी किमान बारा फूट लांबी असावी. वाटेची रुंदी निदान 90 सेंटीमीटर आणि खुर्ची वळवण्यासाठी सुमारे दीड मीटरची सपाट जागा हवी. थोडा मऊ पट्टा ओलांडावाच लागला तर खुर्ची उलटी फिरवून मोठी चाके आधी जातील अशी ओढावी, आणि खाली प्लायवूडचे तुकडे टाकावेत. काठालगत वेडी बाभूळ असतेच, त्यामुळे पंक्चरचे सामान बरोबर असू द्यावे.

मातीच्या धरणांचे दगडी पिचिंग, म्हणजे पाण्याकडच्या उतारावर रचलेले दगड, वरून आकर्षक दिसते, परंतु तो तिरका उतार अशा व्यक्तींसाठी अजिबात योग्य नाही. पंढरपूरच्या घाटांना पायऱ्या आहेत, शिवाय उजनी आणि वीर धरणांतून सोडलेले पाणी भीमेला वाढवते. ज्यांना झटपट मागे सरता येत नाही त्यांनी पावसाळ्यात नदीपात्राच्या कडेला बसू नये. नदीकाठी शेतीपंपांच्या केबल पसरलेल्या असतात, त्यांवरून चाक नेऊ नये, आणि वर वीजवाहिनी असेल तेथे लांब काठी उभारू नये. सोलापूर शहरातला सिद्धेश्वर तलाव श्रद्धेचा आहे, तेथे गळ टाकण्याचा विचारही करू नये. हिप्परगा, म्हणजे एकरुख तलाव, किंवा विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव येथे जायचे असल्यास परवानगीची चौकशी आधी करावी. जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यामुळे मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात आणि स्थानिक संस्थेकडे विचारणे आवश्यक आहे. काठावरच्या मच्छीमार बांधवांना "दादा, इथे चारचाकी पाण्यापर्यंत येते का, आणि पाणी उतरल्यावर चिखल किती होतो?" असे विचारावे, नकाशा पाहून जे कळत नाही ते त्यांच्याकडून दोन मिनिटांत कळते.

खुर्ची पाण्याकडे तोंड करून नव्हे, तर काठाला समांतर लावावी, ब्रेक लावून चाकांना दगडांची अडण द्यावी. पाण्याजवळ कमरेचा पट्टा बांधून बसू नये; तोल राखण्यासाठी तो लागतच असेल तर कडेपासून बरेच मागे बसावे आणि सोबतीला माणूस असावा. लाइफ जॅकेट घालावेच. मणक्याच्या दुखापतीनंतर अनेकांना पुरेसा घाम येत नाही, त्यामुळे सोलापूरच्या उन्हात शरीराचे तापमान धोकादायक वाढू शकते. सकाळी लवकर जावे, छत्री आणि भरपूर पाणी न्यावे, आणि एकाच जागी बसून जखमा होऊ नयेत म्हणून अधूनमधून भार बदलावा. जवळच्या ढाब्यावर वापरण्याजोगे शौचालय आहे का, हेही पाहणीच्या फेरीतच बघून ठेवावे. वळवाचे ढग दिसताच सामान आवरावे, कारण परतायला आपल्याला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो.

हातांत जोर कमी असल्यास चिलापी (तिलापिया) माशावर समाधान मानावे. ती काठाजवळच्या उथळ पाण्यात येते, गांडूळ आणि कणकेची गोळी दोन्ही खाते, त्यामुळे दूरवर फेक करावी लागत नाही. आखूड, हलकी काठी आणि लांब दांड्याची जाळी पुरते. तिच्या पाठीचे काटे टोकदार असतात आणि शिंगट्याचे (मिशा असलेल्या माशाचे) त्याहून वाईट, म्हणून बोटांना संवेदना कमी असणाऱ्यांनी मासा जाड कापडात धरावा, गळ पकडीने काढावा आणि घरी आल्यावर हात नीट तपासावेत.