शेतातल्या कामासाठी खुल्या आराखड्याचा सिंगल-बोर्ड संगणक

केळीबागेतील ठिबक संच मातीच्या ओलाव्यानुसार चालू-बंद करायचा म्हटले, की जळगाव-धुळ्याकडे बहुतेकांना पहिल्यांदा रास्पबेरी पाय हा सिंगल-बोर्ड (एकाच छोट्या पट्टीवर सगळे भाग बसवलेला) संगणक आठवतो. तो संगणक चांगलाच आहे, पण त्यावर लिनक्स ही खुली कार्यप्रणाली चालत असली तरी बोर्डाचा पूर्ण आराखडा प्रसिद्ध केलेला नसतो. मिळते ती संक्षिप्त सर्किट-आकृती. वीज ये-जा करताना बोर्ड निकामी झाले आणि दुरुस्ती गावातच करायची असली, तर ही उणीव जाणवते.

म्हणून खरेदीपूर्वी निर्मात्याच्या संकेतस्थळावर संपूर्ण सर्किट-आकृती, पीसीबीची (सुटे भाग व तांब्याच्या जोडण्या असलेल्या पट्टीची) मूळ फाइल, सुट्या भागांची यादी आणि बदल करण्याची मुभा देणारा परवाना आहे का, हे पाहावे. पीसीबीची नुसती पीडीएफ देऊन ‘खुले’ म्हणवणाऱ्यांवर विसंबू नये, कारण तिच्यात बदल करता येत नाही. चिपचा अंतर्भाग मात्र या बोर्डांतही सहसा बंदच असतो.

या कसोटीवर दोन पर्याय विचारात घेण्याजोगे आहेत. बल्गेरियातील ओलिमेक्सच्या ए२० लाइम२ या बोर्डाला लिथियम बॅटरी थेट जोडता येते आणि ती बोर्डावरच चार्ज होते. भारनियमनाच्या भागात ही सोय मोलाची ठरते. २०१३ साली आलेल्या बीगलबोन ब्लॅकवर अ‍ॅनालॉग सिग्नल (सतत कमी-जास्त होणारा विद्युतदाब) वाचण्याचे सात मार्ग आहेत, जे रास्पबेरी पायवर मुळीच नाहीत. ओलावा मोजण्यासाठी मी बीगलबोनच निवडेन.

त्याची जोडणी करताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. अ‍ॅनालॉग पिनांना १.८ व्होल्टपेक्षा जास्त दाब सोसत नाही, आणि सेन्सर ३.३ व्होल्टपर्यंत देत असेल तर पिन जळू शकते. सेन्सरची तार आणि अ‍ॅनालॉग ग्राउंड (पी९ पट्टीवरील ३४ क्रमांकाची पिन) यांच्यामध्ये १० किलोओहमचे दोन रोध (रेझिस्टर) एकापुढे एक जोडावेत व त्यांच्या सांध्यावरून तार ३९ क्रमांकाच्या पिनेला न्यावी. म्हणजे दाब निम्मा, कमाल १.६५ व्होल्ट होतो. बोर्डाला जोडण्यापूर्वी सांध्यावरचा दाब मल्टिमीटरने मोजून घ्यावा.

व्हॉल्व्हचा रिले (विजेवर चालणारा स्विच) थेट पिनेवर चालवू नये. ट्रान्झिस्टर असलेले रिले मॉड्यूल वापरावे आणि व्हॉल्व्हची तार ‘नॉर्मली ओपन’ (रिले बंद असताना तुटलेल्या) टोकाला जोडावी, म्हणजे रात्री वीज जाऊन बोर्ड बंद पडले तरी रिले सुटतो आणि व्हॉल्व्ह उघडा राहत नाही.