फॉरमॅट मारायच्या आधी पीसी कुठं अडलाय ते बघा

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. काउंटरवर कॅबिनेट टेकवता टेकवताच निम्मे लोक निकाल सांगून मोकळे होतात, "दादा, फॉरमॅट मारून द्या." काय होतंय विचारलं की म्हणतात, "चालूच होत नाही." आता चालूच होत नसेल तर फॉरमॅट मारायचा कुठं?

फॉरमॅटनं विंडोज नवं होतं, बाकी काही नाही. वीज, रॅम, धूळ, मरायला टेकलेली डिस्क यातलं काहीच त्यानं सुधारत नाही. उलट सी ड्राइव्ह पुसला जातो, आणि तुमचं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स सगळं सीमध्येच असतं. टॅलीचा डेटाही बऱ्याचदा तिथंच सापडतो. लग्नपत्रिका करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं जमवलेले मराठी फॉन्ट तर हमखास तिथंच.

म्हणून आधी एवढंच शोधायचं की अडलंय कुठं. पीसी चालू होताना क्रम ठरलेला असतो: आधी वीज, मग प्रोसेसर-रॅमची तपासणी, मग डिस्कवरून विंडोज उचलणं, आणि मग तुमचं काम. मागचा टप्पा नीट असल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही.

बटण दाबलं, काहीच नाही

भिंतीपासून सुरुवात करा. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. मग स्पाइक गार्डचं बटण. मग कॅबिनेटच्या मागं, पॉवर केबल लागते तिथला छोटा काळा स्विच. घर झाडताना तो दबतो आणि लोक रिक्षा करून कॅबिनेट घेऊन येतात. त्याचे पैसे मी घेत नाही, चहा मात्र घेतो.

यूपीएस असेल तर सगळं काम सेव्ह करून पीसी नीट बंद करा आणि यूपीएसला एखादा टेबल लॅम्प लावा. आता यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. लॅम्प लगेच विझला तर बॅटरी संपली. घरगुती यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षंच साथ देते, त्यानंतर यूपीएस हा नुसता महागडा एक्स्टेन्शन बोर्ड. आणि त्यावर लेझर प्रिंटर लावू नका. त्याचा हीटर तापताना एवढा लोड ओढतो की छोटा यूपीएस बसतो.

उद्यमनगरातले एक लेथवाले काका मागं पीसी घेऊन आले होते. अधूनमधून आपोआप रीस्टार्ट व्हायचा. दोन ठिकाणी फॉरमॅट मारून झाला होता.

"काका, नेमकं कधी होतंय?"

"कधीबी हुतंय बघ."

"मशीन चालू करताना?"

जरा थांबले, मग म्हणाले, "व्हय की! मोठी मोटर टाकली की हुतंय."

मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते, लाइनचा व्होल्टेज खाली येतो, आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असली की तो झटका सरळ पीसीला बसतो. बॅटरी बदलली, पीसीची लाइन मोटरच्या लाइनपासून वेगळी काढून घ्यायला सांगितली, संपला विषय. तेव्हा "कधीही होतंय" हे उत्तर स्वतःलाही देऊ नका. त्या वेळी घरात-दुकानात दुसरं काय चालू झालं होतं, ते आठवा.

वीज येतेय पण पंखासुद्धा हलत नाही, तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावर. केबल काढून, एसएमपीएसचे सगळे कनेक्टर मदरबोर्डवरून आणि डिस्कवरून सोडवा. मोठ्या २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची कुठलीही काळी वायर कागदाला लावायच्या यू-पिनेनं जोडा, मग केबल लावून स्विच टाका. पंखा फिरला तर एसएमपीएसमध्ये जीव आहे. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला हवेत. नव्या एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, तिथं रंगावरून अंदाज बांधत बसू नका. आणि पंखा फिरला म्हणजे पास, असंही नाही. लोड नसताना आकडे बरोबर दाखवणारा एसएमपीएस लोड आल्यावर मान टाकतो. खात्री दुसरा चांगला एसएमपीएस लावूनच होते. डबा उघडून आत मात्र हात घालायचा नाही. केबल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

झिणझिण्या येतात म्हणता?

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांतून ही तक्रार नेहमीची. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, यूएसबी लावताना चिमटा बसतो. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये छोटे कपॅसिटर असतात आणि ते कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर मेन्सच्या निम्मा, म्हणजे सव्वाशे व्होल्टच्या अलीकडचा दाब उभा राहतो. करंट अगदी किरकोळ असतो म्हणून फक्त झिणझिणतं, पण पेन ड्राइव्ह, प्रिंटरचा पोर्ट, लॅन कार्ड यांना तेवढं पुरतं.

तीन भोकांचा सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं समजू नका. वरच्या मोठ्या भोकाच्या मागं वायरच नाही, असे सॉकेट या गावात किती तरी आहेत. वायरमनला बोलवा आणि समोर उभं राहून मोजायला लावा: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थिंगला भलताच आकडा आला तर पीसी दुरुस्त करायच्या आधी घर दुरुस्त करा.

पंखा फिरतो, स्क्रीन काळी

आधी मॉनिटरची केबल कुठं लावलीय ते बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाच्या पोर्टला लागते, वरच्या बोर्डाच्या पोर्टला नाही. पोरं कॅबिनेट सरकवून गणपतीची आरास करतात आणि परत लावताना पहिला दिसेल तो पोर्ट धरतात.

केबल बरोबर असेल तर रॅम. जून ते सप्टेंबर माझ्याकडं येणाऱ्या काळ्या स्क्रीनपैकी बऱ्याचशा रॅम साफ केल्यावरच उठतात. आपल्याकडच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पातळ थर बसतो आणि संपर्क तुटतो. पॉवर केबल काढा, मग चालू करायचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्टॅटिक जाऊ दे. रॅमच्या टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकला आणि पट्टी कडांना धरून उचला. शाळेतला पांढरा मऊ खोडरबर घ्या, पेनाच्या शाईचा खरखरीत नको. पट्ट्यांवरून वरून खाली हलकेच ओढा, दोन्ही बाजूंनी. खोडरबराचा चुरा मऊ ब्रशनं झटका. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात आणि जे काढलं तेच परत बसतं. पट्टीची खाच आणि स्लॉटची खाच जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्यानं दाबा, खिट्ट्या टक्कन आपोआप बसल्या पाहिजेत. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून चालू करा. एकीवर चालतो आणि दुसरीवर नाही, तर चोर सापडला. त्याआधी दुसरा स्लॉटही बघून घ्या, कधी पट्टी चांगली असते आणि स्लॉट गेलेला असतो.

नवीन बोर्डांवर कोपऱ्यात सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क) असे चार बारके दिवे असतात. अडलेल्या जागेचा दिवा पेटून राहतो. तो बघायचा सोडून लोक बीप मोजत बसतात, आणि हल्ली कॅबिनेटमध्ये बीपचा स्पीकरच नसतो.

धुळीचं इथंच सांगतो. फाउंड्री आणि लेथच्या शेजारच्या ऑफिसात, उद्यमनगर असो की शिरोली, धुळीत लोखंडाचा बारीक कीस असतो. घरातली धूळ नुसती गरम करते, ही शॉर्टसुद्धा करते. दर दोन-तीन महिन्यांनी पीसी बाहेर नेऊन ब्लोअर मारा, पण पंख्याच्या पात्याला बोट लावून धरा. हवेनं पंखा भन्नाट फिरवून मजा बघू नका, बेअरिंग जातं.

लोगो येतो, पुढं जात नाही

पेन ड्राइव्ह लावून विसरलाय का बघा. मग बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जा, बहुतेक बोर्डांवर डिलीट किंवा एफ२ दाबून, आणि दोन गोष्टी बघा: तारीख बरोबर आहे का आणि डिस्कचं नाव दिसतंय का.

तारीख पाच-दहा वर्षं मागं गेली असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. चहा-भज्यांच्या पैशात येणारी वस्तू. पण तो संपल्यावर बायोसचं सेटिंग मूळपदावर जातं, डिस्क वाचायची पद्धत किंवा बूट मोड बदलतो, आणि धडधाकट विंडोज निळी स्क्रीन दाखवतं: इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. इथंही फॉरमॅट मारणारे आहेत. सेल बदला, तारीख लावा, बूट मोडचं यूईएफआय आणि डिस्कचं एएचसीआय ही सेटिंगं पूर्वीसारखी करा, बहुतेक वेळा विंडोज जसंच्या तसं उघडतं. एक मात्र सांभाळा. नव्या विंडोज ११ वर डिस्क एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे बिटलॉकरनं कुलूपबंद केलेली असू शकते आणि बायोसला धक्का लागला की बिटलॉकरची ४८ आकडी की मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. पीसी चालू असतानाच ती उतरवून ठेवा.

डिस्कचं नावच दिसत नसेल तर पीसी बंद करून डिस्क आणि बोर्ड जोडणारी साटा केबल दोन्ही टोकांना काढून परत लावा, शक्य तर बदला. हार्ड डिस्क कटकट वाजत असेल तर तिथंच थांबा. परत परत चालू करून बघितलं की राहिलेला डेटाही हातचा जातो.

डिस्क दिसतेय पण संशय आहे, तर ती दुसऱ्या पीसीला लावून आधी कामाचे फोल्डर उतरवून घ्या. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवा. रीअलोकेटेड, पेंडिंग आणि अनकरेक्टेबल सेक्टर या तीन ओळी बघायच्या, डिस्कचे खराब झालेले तुकडे त्यात मोजलेले असतात. पेंडिंगचा आकडा दर आठवड्याला वाढत असेल तर त्या डिस्कवर विंडोज परत टाकणं म्हणजे मजुरी वाया घालवणं.

पुराचं पाणी लागलेल्या मशीनचं गणित वेगळं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा गावात आली तेव्हा चिखलानं भरलेली कॅबिनेटं रांगेनं आली होती. ज्यांनी "बघू तरी" म्हणून बटण दाबलं, त्यांचे बोर्ड जळले. पाणी लागलं की बटण दाबायचं नाही. डिस्क काढून घ्या. हार्ड डिस्कच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आत जातं, म्हणून ती वाळली तरी चालू न करता थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडं न्या. तांदळात पुरून काही होत नाही.

विंडोज उघडतं, पण रखडतं किंवा निळं होतं

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली आणि डिस्क जुनी फिरती असेल तर एसएसडी बसवा, यावर दुसरा सल्ला माझ्याकडं नाही. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि रॅम ४ जीबी असेल तर रॅम वाढवा. दोन्ही निवांत असूनही रखडतंय, तर स्टार्टअपच्या यादीतले फुकटचे पाहुणे बंद करा.

निळ्या स्क्रीनचा फोटो काढा. मेमरी मॅनेजमेंट लिहिलं असेल तर आधी रॅम तपासा. विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक स्टार्टमध्येच सापडतं. व्हीआ (WHEA) अनकरेक्टेबल असेल तर गरमी, व्होल्टेज किंवा प्रोसेसरकडं बघा. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत कर्नल-पॉवर ४१ दिसला की एसएमपीएस बदलायला धावू नका. मशीन नीट बंद न होता गेलं, एवढंच तो सांगतो. कारण सांगत नाही.

एवढं सगळं चांगलं निघालं आणि तरी विंडोज वेडंवाकडं वागतंय, तर आता खुशाल फॉरमॅट मारा. फक्त फुकटच्या क्रॅकनं ते ॲक्टिव्हेट करू नका, बरेच व्हायरस त्याच वाटेनं येतात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळं मशीन झेपत असेल तर ११ च टाकून घ्या.

दुकानात आणायचंच झालं तर फक्त कॅबिनेट आणा, मॉनिटर-कीबोर्ड घरीच राहू दे. लॅपटॉप असेल तर चार्जर मात्र विसरू नका. निळ्या स्क्रीनचा फोटो मोबाइलमध्ये असू दे, आणि कुठले फोल्डर गेले तर चालणार नाहीत ते एका चिठ्ठीवर लिहून आणा. पासवर्ड त्या चिठ्ठीवर नको, समोर बसून स्वतः टाका.