हवामान-अंदाजाच्या वर्णनाला योग्य आयकॉन कसा जोडावा

हवामानाच्या फीडमध्ये, म्हणजे पुरवठादाराकडून प्रोग्रॅमला आपोआप मिळणाऱ्या माहितीत, एकाच स्थितीसाठी बहुधा दोन गोष्टी येतात: माणसांनी वाचायचे वर्णन आणि प्रोग्रॅमसाठी दिलेला कोड. दोन्ही मिळत असतील, तर आयकॉन नेहमी कोडवरूनच ठरवावा. वर्णनातले शब्द पुरवठादार कधीही बदलू शकतो आणि वापरकर्त्याने भाषा बदलली की तेच वर्णन दुसऱ्या भाषेत येते. कोडला यांपैकी कशाचीच बाधा होत नाही.

पुरवठादाराच्या माहितीपत्रातील सर्व कोड घेऊन प्रत्येकासमोर आपला आयकॉन लिहावा. ओपन-मेटिओ ही हवामानाची माहिती पुरवणारी सेवा जागतिक हवामान संघटनेच्या कोडांपैकी निवडक कोड वापरते: ० म्हणजे निरभ्र, ३ म्हणजे पूर्ण ढगाळ, ४५ आणि ४८ म्हणजे धुके, ६१, ६३ आणि ६५ म्हणजे हलका, मध्यम आणि जोरदार पाऊस, ९५ म्हणजे मेघगर्जना, तर ९६ आणि ९९ म्हणजे गारांसह मेघगर्जना. ओपनवेदरमॅप या दुसऱ्या पुरवठादाराचे कोड तीन अंकी असून २०० च्या गटात मेघगर्जना, ५०० च्या गटात पाऊस, ६०० च्या गटात बर्फ अशी त्यांची विभागणी आहे. ती पाहून केवळ पहिल्या अंकावरून आयकॉन ठरवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. ७०१ म्हणजे विरळ धुके आणि ७८१ म्हणजे टोर्नेडो, आणि दोन्ही एकाच गटात आहेत. पहिल्या अंकावर विसंबलेला प्रोग्रॅम घरे उडवून नेणाऱ्या वावटळीसमोर धुक्याचे शांत चित्र दाखवील. तक्ता प्रत्येक कोडासाठी स्वतंत्र ओळीचाच असावा, मग तो कितीही लांबला तरी चालेल.

नॉर्वेच्या हवामान संस्थेच्या फीडमध्ये अंकांऐवजी शब्दांची संज्ञा येते आणि जिथे गरज आहे तिथे तिच्या शेवटी दिवस, रात्र किंवा ध्रुवीय संधिप्रकाश असा प्रत्यय असतो. हलक्या हिमसरी आणि गडगडाट या स्थितीच्या संज्ञेत ‘लाइट’ आणि ‘स्नो’ यांच्यामध्ये एक जादा ‘एस’ अक्षर आहे. ती चूक दुरुस्त करून तक्त्यात लिहिली, तर नेमका तोच आयकॉन सापडणार नाही. म्हणून संज्ञा हाताने टाइप न करता मूळ यादीतून जशीच्या तशी उचलावी.

कोड नसेल आणि फक्त वर्णन असेल, तर शब्द तपासण्याचा क्रम सर्वांत महत्त्वाचा ठरतो. ‘लाइट रेन विथ थंडर’ या वर्णनात ‘रेन’ आधी तपासला, तर छत्रीचा आयकॉन दिसेल आणि विजेची सूचना वाचकापर्यंत पोहोचणारच नाही. धोक्याचे शब्द आधी घ्यावेत: टोर्नेडो, मेघगर्जना, गारा, गोठणारा पाऊस, बर्फ, पाऊस, रिमझिम, धुके आणि शेवटी ढग व ऊन. ‘फ्रीझिंग रेन’सारखा दोन शब्दांचा समूह नुसत्या ‘रेन’च्या आधीच तपासला गेला पाहिजे. तुलनेपूर्वी सर्व अक्षरे लहान लिपीत करून जादा मोकळ्या जागा काढाव्यात. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या वर्णनात ‘देन’ (नंतर) हा शब्द आला, तर एकाच कालखंडातल्या दोन स्थिती सांगितलेल्या असतात. अशा वेळी वर्णन त्या शब्दापाशी तोडून दोन्ही भाग वेगवेगळे तपासावेत.

दिवस-रात्रीचा फरक निरभ्र, अंशतः ढगाळ आणि सरींच्या आयकॉनांपुरताच लागतो. त्यासाठी अंदाजाची वेळ त्या ठिकाणच्या सूर्योदय-सूर्यास्ताशी ताडून पाहावी. फीडमधली वेळ अनेकदा जागतिक प्रमाणवेळेत असते. ती स्थानिक वेळ समजून वापरली, तर भर दुपारी चंद्र दिसतो.

तक्त्यात नसलेला कोड आला, तर जवळचा वाटणारा आयकॉन अंदाजाने लावू नये आणि सूर्य तर मुळीच दाखवू नये, कारण चुकीचा सूर्य पाहून माणूस निर्धास्तपणे बाहेर पडतो. त्या जागी तटस्थ चिन्ह आणि मूळ वर्णन दाखवावे व तो कोड नोंदवहीत लिहून ठेवावा, म्हणजे तो पुढे तक्त्यात घालता येईल. आयकॉनला पर्यायी मजकूर देताना ‘ढगाचे चित्र’ असे न लिहिता ‘हलका पाऊस’ असे लिहावे, कारण स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, ऐकणाऱ्याला चित्र नव्हे, हवामान हवे असते.