स्वस्तातल्या संत्र्याच्या कलमाचं बोन्साय

पावसाळा सरला की रोपवाटिकेत वाकडी, फाटे फुटलेली कलमं निम्म्या किमतीत मिळतात. बागेला ती नकोशी, बोन्सायला मात्र तीच हवी. संत्र्या-मोसंबीचं कलम घेताना आधी बुंध्याशी बघा. ही झाडं बहुधा जंबुरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर (खालच्या मुळांच्या रोपावर) संत्र्या-मोसंबीचा डोळा भरून केलेली असतात आणि जोडाजवळ गाठ दिसते. मोठ्या झाडात ती खपून जाते, बोन्सायमध्ये सारखी डोळ्यांत खुपते. वर्षं गेली तरी ती लपेलच असं नाही, उलट कधी जास्त फुगते.

त्यावर चांगला उपाय म्हणजे गुटी, म्हणजे झाडावर असतानाच खोडाला मुळं फोडून तो भाग वेगळा करणं. कलम वर्षभर कुंडीत पोसा. पुढच्या जून-जुलैत जोडाच्या वर, खोड छान वळतं तिथे, अडीच ते तीन सेंटिमीटर साल गोलाकार काढा. आतला चिकट थर खरवडा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत. ओलं शेवाळ बांधून वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट गुंडाळा. दोनेक महिन्यांत मुळं दिसू लागतील, पण ती भरपूर झाल्याशिवाय कापायची घाई नको. कापल्यावर थोडी पानं कमी करून सावलीत ठेवा.

गुटी नको असेल तर जोडाखालचे काटेरी फुटवे दिसताक्षणी खुडा, नाहीतर संत्रं मागे पडून जंबुरीच माजते.

पानं छाटणीने लहान होतात, फळ मात्र लहान होत नाही. म्हणून फळं एक-दोनच ठेवा.